‘सांगता येत नाही’ म्हणणारा साक्षीदार

दिगंबर,

तुझी शोकसभा झाली. तुझ्या नॉर्मल स्कूलच्या मोठ्या वर्गात, भर उकाड्यात. मी पहिल्या रांगेत दात आवळून बसलो होतो. अध्यक्ष तुला ‘तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक’ म्हणाले. त्यांच्यानंतरचे गृहस्थ ‘मनकवडे’ म्हणाले. आणखी एकानं सांगितलं की तू नुसता डोळ्यांत पाहून माणसाचा स्वभाव ओळखायचास. तू असतास तर जागच्या जागी उभा राहिला असतास, “ना भाऊ, तसं काई नसते.” जन्मभर तू हेच सांगत फिरलास, आणि तू गेल्यावर आठवडाही गेला नव्हता तोच लोकांनी तुला पुन्हा ज्योतिषी करून टाकलं.

मलाही बोलायला सांगितलं. कोर्टात मी सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकतो, हे सगळ्या अकोल्याला ठाऊक आहे. तिथे उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. दुःख होतंच. पण खरं सांगू? राग जास्त होता. त्या सभेचा, त्या शब्दांचा, आणि मुख्य म्हणजे तुझा.

ज्या माणसाला आवाज चढवून बोलायचं, तो गेल्यावर आवाज कुठे चढवायचा? म्हणून लिहितो आहे.

वैशाखाच्या उन्हात चांदूर बाजारला जायची काय गरज होती? तिथल्या एका शिक्षकानं कळवलं की वर्गातला एक मुलगा अडखळत बोलतो म्हणून त्याचा बाप त्याला मारतो. झालं, तू निघालास. कमलवहिनी म्हणाल्या, पाऊस पडल्यावर जा. मृगानंतर गेला असतास तर तो मुलगा तोवर अडखळतच राहिला असता, दुसरं काय? परतलास तो ताप घेऊन, अंग नुसतं भट्टी. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मी अकोल्याहून येईपर्यंत तू मला ओळखण्यापलीकडे गेला होतास. निदान भांडायला तरी थांबायचं होतंस.

*

आपली पहिली भेट अमरावतीच्या कॉलेजात, तर्कशास्त्राच्या तासाला. प्राध्यापक पुण्याकडचे. त्यांनी काहीतरी सिद्ध करून फळा भरला आणि विचारलं, कुणाला शंका? तू मागच्या बाकावरून उठलास, “सर, हे असंच कावून?” सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. म्हणाले, “‘कावून’ हा काय शब्द आहे?” तू शांतपणे म्हणालास, “सर, शब्दाचं मंग पाहू. आंधी सांगा ना, कावून?”

मी राजापेठेतल्या वकिलाचा मुलगा. आमच्या घरात शुद्ध बोलण्याची शिस्त होती. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की वडील ताटावरून उठवायचे. आणि हा नांदगाव खंडेश्वरकडचा, काळ्या मातीतला गडी, प्राध्यापकाला ‘का म्हणून’ऐवजी ‘कावून’ विचारत उभा. त्या दिवशी मी तुझ्या शेजारी येऊन बसलो, तो पुढे उठलोच नाही.

बी.ए. झाल्यावर सगळ्यांनी तुझं ठरवून ठेवलं होतं. माझे वडील म्हणत, कायदा कर, वासूबरोबर वकिली कर. तुझे आबा म्हणत, तहसीलीत चिकट. तुझ्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे, की कलकत्त्याला मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, प्रयोगशाळेसकट, आणि आपण तिकडे जायचं. आबांची समजूत घालायला तू मलाच घेऊन गेलास. आठवतं? आबा ओसरीवर बसून सरकी निवडत होते. मी मोठ्या थाटात सांगितलं की हे नवं शास्त्र आहे, त्यात मनाचा अभ्यास करतात. आबांनी मान वर केली नाही.

“मन शिकाले कलकत्त्याले कावून जा लागते? अथी काय मनं नाईत?”

“आबा, तथी मोजतात,” तू म्हणालास.

“काय मोजतात?”

“मन.”

आता मात्र आबांनी हात थांबवला. तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वासुदेव, तुह्या मित्राले ऊन लागलं काय रे?”

आपण सगळे हसलो होतो तेव्हा.

गेलास मात्र. बडनेऱ्याला मी तुला गाडीत बसवून दिलं. ती गाडी थेट हावड्याला जाते, याचंच तुला केवढं कौतुक! जणू रेल्वेनं ती तुझ्या मानसशास्त्रासाठीच सोडली होती.

परत आलास तो बारीक होऊन, चष्मा लावून, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट ‘कावून’ घेऊन. मी विचारलं, काय शिकलास? तू सांगू लागलास. अंधाऱ्या खोलीत बसून दिवा दिसला की बटण दाबायचं, आणि दिसणं आणि दाबणं यांच्यातला वेळ मोजायचा. हातावर वजनं ठेवून कोणतं जड ते सांगायचं, आणि चूक किती होते ते मोजायचं. अर्थ नसलेले शब्द पाठ करायचे आणि किती विसरतो ते मोजायचं. मी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते सगळं ठीक. पण मन म्हणजे काय?”

तू म्हणालास, “तो पेपर नोता.”

मी इतका हसलो की आतून आई बाहेर आली. तूही हसलास, पण मग गंभीर झालास. म्हणालास, “वास्या, तथी मी एकच गोष्ट शिकलो. माणूस आपल्या डोयानं पाह्यलेलं बी चुकीचं सांगते, अन् छाती ठोकून सांगते. मी बी. तू बी. म्हून जेवढं मोजलं तेवढंच बोलाचं.”

मी ते कौतुकानं ऐकलं. हेच वाक्य पुढे माझ्या खटल्याचा गळा घोटणार आहे, हे कुणाला माहीत होतं!

*

पुढची वर्षं आठवली की माझं डोकं अजून तापतं. एवढं शिकून आलेला माणूस, आणि सबंध वऱ्हाडात त्याला ठेवायला जागा नाही. कॉलेजवाले म्हणाले, आमच्याकडे मानसशास्त्र हा तत्त्वज्ञानातला एक कोपरा आहे. तुम्ही तत्त्वज्ञानाचे एम.ए. असता तर घेतलं असतं. वेड्यांच्या एका इस्पितळात अर्ज घेऊन गेलास, तिथल्या साहेबानं विचारलं, औषध लिहून देता येतं? येत नाही ना, मग इथे काय काम? तू बाहेर आलास आणि मला म्हणालास, “त्याचं बी बरोबरच आहे.” मला तर त्या साहेबाच्या टेबलावर मूठ आपटावीशी वाटत होती, आणि तू त्याचीच बाजू घेऊन उभा! दुसऱ्याचं म्हणणं समजून घ्यायची ही तुझी खोड. तिनं तुझं एक काम होऊ दिलं नाही.

आणि गावात काय, तर राजापेठेत आमच्या समोरच्या घरातल्या काकूंच्या पाटल्या हरवल्या, त्या थेट तुझ्यापुढे येऊन बसल्या. “तुम्ही मनातलं ओळखता म्हणे. आमच्या मोलकरणीला समोर बसवते, तेवढं पाहून सांगा.” तू त्यांना हात जोडलेस. “काकू, मले मनातलं ओयखता येत नाई.”

“मग कलकत्त्याला जाऊन शिकलात काय?”

“हेच,” तू म्हणालास.

पाटल्या पुढे देवघरात सापडल्या. पण तोवर गल्लीत झालं होतं की वकिलांच्या वासूचा मित्र कलकत्त्याहून नापास होऊन आला आहे.

शेवटी नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं तुला, प्राथमिक शाळांचे मास्तर जिथे तयार होतात तिथे. विषय, मुलांना शिकवावं कसं. डावखुऱ्या पोराचा हात बांधू नका; जो पोरगा पाढा विसरतो तो मुद्दाम विसरत नाही; भीतीनं डोकं चालत नाही, बंद पडतं. जन्मभर हेच सांगितलंस. मी म्हणायचो, एवढ्यासाठी कलकत्ता? तू म्हणायचास, “एवढं बी कोनी ऐकून नाई राह्यलं, अन् तू म्हणते एवढंच!”

ते बरोबर होतं. पण मला तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो. घोड्याला जुंपायचं टांग्याला, आणि जुंपलं घाण्याला!

*

आता सुभद्रेच्या खटल्याकडे येतो. आलंच पाहिजे. तू असताना आपण हा विषय निघाला की कडेकडेनं बोलायचो.

बाळापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातली ही बाई. बाळंतीण, मुलगी महिन्याचीही नव्हती. एका सकाळी तिनं ती मुलगी विहिरीत टाकली आणि स्वतः काठावर पाय सोडून बसून राहिली. पाण्याला आलेल्या बायांना म्हणाली, “पोरगी आत आहे.” पळाली नाही, रडली नाही. तिचा भाऊ किसन माझ्याकडे अकोल्याला आला. तो म्हणाला, बाळंतपणानंतर ती झोपतच नव्हती. ही पोरगी माझी नाही, कुणीतरी बदलली, असं म्हणत होती. सासरच्यांनी भगत आणला, धुरी दिली. पण कोर्टात सासरच्यांनी कानावर हात ठेवले. म्हणे, चांगली होती, फक्त तापट होती. ती आजारी आहे हे माहीत होतं असं कबूल केलं, तर आजारी बाईजवळ लेकरू एकटं ठेवलंच का, हा प्रश्न त्यांच्यावर आला असता.

सिव्हिल सर्जननं तिला तपासलं ते किती तरी दिवसांनी. नाव सांगते, गाव सांगते, वार सांगते, नीट जेवते. म्हणजे शहाणी.

मी तुला बोलावलं. तू सुटीचे दिवस काढून अकोल्याच्या जेलात जाऊन बसलास. पहिल्या वेळी ती बोललीच नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तू नांदगावकडच्या पिकाच्या, मजुरांच्या, आबांच्या बैलांच्या गोष्टी सांगत बसायचास, असं जेलरनं मला हसत हसत सांगितलं. मग एका दिवशी ती बोलायला लागली. तू माझ्या घरी आलास तेव्हा तुझा चेहरा उजळला होता. “वास्या, हा आजार आहे. बायंतपनाच्या मांगून येते कोना-कोनाले. येते अन् उतरते. म्हूनच त्या डॉक्टरले ती शहानी दिसली. तेव्हा उतरला होता!”

मला खटला जिंकल्यासारखाच वाटला. मी तुला बसवून समजावलं की कायदा एकच गोष्ट विचारतो: आपण करतो ते काय आहे, ते वाईट आहे, हे तिला त्या घडीला कळत होतं का? मी म्हटलं, “तू म्हणायचं, नाही. बस्स.”

“पाहू,” तू म्हणालास.

“पाहू नाही, दिगंबर. नाही.”

“अरे, मले कोर्टात उभं तं राहू दे.”

तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण मनातलं ओळखणं मलाही येत नव्हतं.

त्या दिवशी कोर्ट खचाखच भरलं होतं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपण डॉक्टर?”

“नाही, साहेब. मानसशास्त्राचा एम.ए.”

“म्हणजे फिलॉसॉफी.”

“नाही, साहेब. वेगळं.”

“वेडा बरा करता येतो आपल्याला?”

“नाही, साहेब.”

हशा पिकला. सरकारी वकिलानं हरकत घेतली की हा तज्ज्ञच नाही. मी घसा कोरडा पडेस्तोवर भांडलो, तेव्हा कुठे तुला बोलू दिलं. आणि तू सुरेख बोललास, दिगंबर. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. पुस्तकी शब्द एक नाही. झोप जाते तिथून सुरुवात होते, मग आपलंच माणूस परकं वाटू लागतं, मग कानात कुणी बोलू लागतं. जज्जाला आपलं मत सांगणारे दोन असेसर बसले होते, एक कापसाचा व्यापारी, एक पाटील. ते पाटील पुढे झुकून ऐकत होते. त्यांच्या घरात कुणीतरी असं होऊन गेलं असावं, अशी त्यांची नजर होती. मी खाली बसलो तेव्हा मनात म्हटलं, सुटली.

मग सरकारी वकील उठला.

“घटना घडली तेव्हा आपण तिथे होता?”

“नाही.”

“त्या वेळी आपल्याला काही कळत नव्हतं, असं आरोपीनं तुम्हाला सांगितलं?”

“नाही. आठवत नाही, असं सांगितलं.”

“आठवत नाही म्हणजे कळत नव्हतं, असं होतं का?”

“तसंच होतं असं नाही.”

“मग आता एकच सांगा. आपण करतो ते वाईट आहे, हे तिला त्या घडीला कळत होतं की नव्हतं?”

तू गप्प. मी तुझ्याकडे पाहत होतो. सुभद्रा पिंजऱ्यात खाली मान घालून उभी होती, तिनंसुद्धा मान वर केली. जज्जसाहेब म्हणाले, “उत्तर द्या.”

“सांगता येत नाही, साहेब.”

“तुम्हाला?”

“मला. आणि इथे हजर असलेल्या कुणालाच.”

मी डोळे मिटून घेतले. वेडाच्या भरात केलं हे शाबीत करायचं ओझं कायद्यानं आरोपीवर असतं. समोरच्याला काहीच शाबीत करावं लागत नाही. म्हणून तुझ्या ‘सांगता येत नाही’चा कोर्टातला अर्थ एकच होता: हरलो. पाटील ‘निर्दोष’ म्हणाले, व्यापारी ‘दोषी’. जज्जसाहेबांनी जन्मठेप दिली. फाशी टळली एवढीच मेहेरबानी. निकालपत्रात तुझ्याबद्दल लिहिलं की साक्षीदार प्रामाणिक आहे, परंतु त्याच्या साक्षीचा उपयोग नाही. मला वाटतं, या प्रांतात मानसशास्त्राला मिळालेलं हे पहिलं सरकारी सर्टिफिकेट.

कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली मी तुला गाठलं. लोक पाहत होते, मला शुद्ध नव्हती.

“दोन अक्षरं होती रे! ‘नाही’. दोन अक्षरांत तुझं काय जात होतं?”

तू म्हणालास, “त्या डॉक्टरले माहीत नोतं, तरी तो शहानी म्हणे. मले माहीत नसून मी येडी म्हटलं असतं, तं त्याच्यात अन् माह्यात काय फरक राह्यला?”

“फरक? ती सुटली असती! फार तर काही दिवस इस्पितळात, आणि मग घरी!”

“हो,” तू म्हणालास.

बस, एवढंच. ‘हो’. तुझे डोळे लाल झाले होते. तू पिशवी उचललीस आणि स्टेशनाकडे चालू लागलास. मी मागून आलो नाही.

*

एवढ्यावर सोडणारा असतास, तर मला तुझा राग करणं सोपं गेलं असतं. पण तू सोडणारा कुठला! नागपूरला केलेलं अपील फेटाळलं गेलं. मग तू सरकारकडे दयेचे अर्ज करायचं मनावर घेतलंस. इंग्रजी मसुदा माझा, आणि त्यावर रंधा तुझा. अमरावतीहून रविवारी गाडीनं यायचास आणि माझ्या ओसरीवर आपलं युद्ध सुरू. मी लिहायचो, ‘ती वेडी झाली होती’. तू खोडून लिहायचास, ‘ती बहुधा आजारी होती’. मी ओरडायचो, “‘बहुधा’वर कोण कुणाला सोडतं?” तू म्हणायचास, “न सोडू दे, पन लिव्हलं ते खरं पायजे.” पहिला अर्ज नामंजूर. पुढचाही नामंजूर. तिला नागपूरच्या जेलात हलवलं तर तू सुटीत तिकडे जाऊ लागलास. इकडे लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेना, कागद मिळेना, आणि तुझा ‘बहुधा’ काही हटेना.

आणि एक दिवस तिची उरलेली शिक्षा माफ झाल्याचा हुकूम आला. कारण दिलेलं नव्हतं. तुझ्या शब्दानं काम केलं की माझ्या, हे सरकारनं कळवलं नाही. तो वाद तसाच राहिला.

सोडवून आणली खरी, पण ठेवायची कुठे? किसन माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. “घरात लेकरं आहेत, वकीलसाहेब. बाया भेतात.” तू तिला सरळ नांदगावला नेलंस. मला वाटलं, आबा दोघांनाही हाकलतील. आबांनी विचारलं म्हणे, “काम करते काय?” ती ‘हो’ म्हणाली. “मंग राहू दे. वावरात गंज काम आहे.” कलकत्त्याला न जाता आबांना हे कुठून आलं, हे तू मला एकदा विचारलं होतंस. मी म्हटलं होतं, सांगता येत नाही. तू खो खो हसलास.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या कानावर घालायची राहून गेली. आमच्या धाकट्याच्या वेळी माझी बायको दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मुलाला घ्यायची नाही. आई म्हणे, नखरे. मी कोर्टकचेरीत बुडालेला. तू अर्जाच्या कामाला आला होतास, दारातून तिला फक्त पाहिलंस आणि मसुदा तसाच टाकून आईसमोर जाऊन बसलास. “आई, हिले झोपू द्या. लेकरू तुमच्यापासी ठेवा, पाजाले फक्त हिच्यापासी न्या. हिले एकटी सोडू नका, अन् बोलू नका काई.” आईनं कधी कुणाचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. थोड्या आठवड्यांनी एका सकाळी बायकोनं आपणहून मुलाला मागितलं. आज तो मुलगा अंगणात लाकडाचा बैल ओढत फिरतो आहे, आणि त्याची आई आतून त्याला जेवायला हाका मारते आहे.

तेव्हा मी तुला काय म्हणालो? म्हणालो, चल, तो मसुदा पुरा करू. एवढंच. तुझ्या शास्त्राचा उपयोग काय, असं जन्मभर विचारलं, आणि उपयोग माझ्याच माजघरात झाला तेव्हा मी मसुदा घेऊन बसलो. तुझे उपकार झाले, दिगंबर. ऐकू येत नसेल, तरी झाले.

*

तेरवीला नांदगावला गेलो होतो. आबा ओसरीवर बसले होते, हात मोकळे. मला पाहून म्हणाले, “ये, वासुदेव.” आणि शेजारची जागा दाखवली. मग म्हणाले, “तुह्या मित्रानं काय मोजलं रे एवढं, जिंदगीभर?” त्यांना उत्तर नको होतं.

पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात गेलो. सुभद्रा भांडी आवरत होती. केस पांढरे व्हायला लागलेत. मला पाहून तिनं पदर सावरला.

“जेवले नाई तुमी, वकीलसाहेब.”

“भूक नाही.”

ती हात पुसत उभी राहिली. मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारून बसलो. “सुभद्राबाई, त्या दिवशी कोर्टात दिगंबर जे बोलला... तुम्हाला काय वाटलं होतं?”

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, “तुमी म्हणे हिले कळत नोतं. तो दुसरा वकील म्हणे हिले सारं कळत होतं. दोघायनं बी मले नाई विचारलं. दिगंबरभाऊनं विचारलं होतं, जेलात. म्या म्हटलं, मले याद नाई. विहिरीपासी बसली होती ते याद आहे, त्याच्या आंधीचं नाई. तेच तो तथी बोलला. माह्यं होतं तेवढंच बोलला.”

“पण तो ‘नाही’ म्हणाला असता तर तुम्ही सुटला असता.”

“हो,” ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखी. “मले का समजत नाई ते? लय राग होता माह्या मनात. मंग नागपूरले भेटाले ये तं मी बोलत नोती त्याच्यासंगं. पाठ करून बसे मी. तरी तो ये, बसे, वावराच्या गोष्टी सांगे, अन् जाये.”

“आणि आता?”

“आता अजून जास्त आला राग. कावून गेला तो उन्हात?” तिनं तोंड फिरवलं. तिकडेच पाहत विचारलं, “तुमचा गेला का राग?”

“नाही.”

“मंग राहू द्या. बसा. पान वाढते.”

मी बसलो. तिनं वाढलं. वरण-भात, भाकरी, अंबाडीची भाजी. मी जेवलो. माझ्या समोर ती खांबाला टेकून बसून राहिली.

तू त्या दिवशी ‘नाही’ म्हणायला हवं होतंस, दिगंबर. मला अजूनही तसंच वाटतं. आणि तिनं जे सांगितलं, ते मला खोडता येत नाही. रविवारी अमरावतीची गाडी आली की मी अजून ओसरीवर येऊन बसतो, मुद्दे तयार करून.